पुस्तके मिळतील, विषय तिला निवडू द्या

आदरणीय पालक,
सप्रेम नमस्कार.

वसमत तालुक्यातून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली, डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे छापील अक्षर तिला आता भिंगातूनही दिसत नाही, आणि आजवरचा सारा अभ्यास आपण रोज रात्री वाचून दाखवून करून घेतलात. हळद शिजवण्याच्या दिवसांत मात्र ते जमत नाही आणि परीक्षा नेमकी तेव्हाच येते, असे आपण लिहिता. तिला वकील व्हायचे आहे. आपण मात्र ज्याला वाचन कमी लागेल असा दुसरा अभ्यासक्रम विचारला आहे.

तो मी सुचवणार नाही. पुस्तक वाचता येत नाही ही अडचण खरी असली तरी ती सुटण्यासारखी आहे, आणि तिच्यापायी मुलीने आयुष्याचा विषय बदलावा हे मला पटत नाही.

केंद्र शासनाच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने ऑगस्ट २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. छापील मजकूर वाचता न येण्याचा पुरावा जोडून त्याचे सदस्य होता येते. हा हक्क केवळ दृष्टिबाधितांचा नाही. डिस्लेक्सिया असणारी किंवा हाताने पुस्तक धरून पान उलटू न शकणारी मुलेही त्यात येतात. गावात असे कोणी असेल तर त्याच्या घरीही अवश्य सांगावे. 'बुकशेअर' हे असेच दुसरे ग्रंथालय आहे. तेथील पुस्तके ध्वनिरूपात, डेझी स्वरूपात किंवा ब्रेल फाइल म्हणून डाउनलोड करता येतात आणि एकदा फोनवर उतरवली की वाचताना इंटरनेट लागत नाही. शेतातल्या घरी रेंज नसली तरी अडत नाही. साध्या ध्वनिमुद्रणात हवी ती जागा चाचपडत शोधावी लागते, डेझी पुस्तकात मात्र प्रकरण, उपशीर्षक किंवा पान गाठून थेट तेथूनच ऐकता येते. कलमे पुन्हा पुन्हा काढून पाहणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्याला याचे मोल फार आहे.

हवे ते पुस्तक तेथे नसेल तर? कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीमुळे अशा वाचकांसाठी पुस्तकाची सुलभ, म्हणजे ऐकता किंवा ब्रेलमध्ये वाचता येईल अशी, प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही, आणि त्याच धर्तीवरचा मराकेश हा आंतरराष्ट्रीय करार मान्य करणारा भारत हा २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. म्हणून पुस्तकाची मागणी संकोचाने करू नये. ती वेळेवर मात्र करावी, कारण अशी प्रत करताना पाने स्कॅन करावी लागतात आणि संगणकाने अक्षरे ओळखताना केलेल्या चुका माणसालाच बसून दुरुस्त कराव्या लागतात. मराठीत आणखी एक त्रास होतो. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ पडद्यावर स्वच्छ दिसते, पण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, ती वाचू लागला की निरर्थक अक्षरे कानी पडतात. त्यामुळे शिक्षकांकडून टिपणे घेताना ती युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही यंत्राला अक्षरे नीट ओळखता येतील अशा टंकलेखनात, मागावीत.

आता ज्या गोष्टीकडे पालक हमखास दुर्लक्ष करतात ती सांगतो. ऐकण्याने वेग येतो, शुद्धलेखन येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका हुशार विद्यार्थ्याने अर्जात 'दीनदुबळे' हा शब्द 'दिनदुबळे' असा लिहिला होता, कारण तो शब्द त्याने आयुष्यभर फक्त ऐकला होता आणि उच्चारात हा फरक सहसा उरत नाही. ब्रेलमध्ये तो बोटाखाली येतो: अक्षराच्या सहा ठिपक्यांपैकी ऱ्हस्व इकाराला दुसरा आणि चौथा ठिपका, दीर्घ ईकाराला तिसरा आणि पाचवा. वकिलाच्या दाव्यात एकेका शब्दाला अर्थ असतो, म्हणून ऑडिओ मिळाला तरी तिने ब्रेल शिकावेच, असा माझा आग्रह आहे. सोळाव्या वर्षी त्याला उशीर झाला असे समजू नका. कागदी ब्रेल ग्रंथ फार जाडजूड होतात. ब्रेल डिस्प्ले असेल तर तीच फाइल बोटांखाली उठणाऱ्या ठिपक्यांतून ओळीओळीने वाचता येते. उपकरण महाग आहे, ते पुढे पाहता येईल. लिपी आत्ता शिकावी.

पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला बारावीनंतर सीईटी देऊन प्रवेश मिळतो. दृष्टिबाधित व्यक्तीला न्यायिक सेवेतील, म्हणजे न्यायाधीशपदाच्या, भरतीपासून केवळ त्या कारणाने वगळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी दिला आहे. वकिलीच्याही पुढची वाट तिच्यासाठी मोकळी आहे, हे तिला आवर्जून सांगा.

या आठवड्यात हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राचा) अर्ज मार्गी लावा. ग्रंथालयाचे सदस्यत्व, लेखनिक आणि परीक्षेतील जादा वेळ या तिन्हींना ते उपयोगी पडेल. तोवर तिच्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर, चालू करून तिला सराव करू द्या, सुरुवातीला हात अडखळला तरी फोन तिच्याकडून काढून घेऊ नका. अकरावीचा प्रवेश पक्का झाला की त्याच दिवशी पुस्तकांची यादी मला पाठवा आणि कोणते पुस्तक आधी हवे ते तिलाच विचारून लिहा.

आपला,
करिअर मार्गदर्शक