पेशीत पोटॅशियम इंधनासारखं जळत नाही, मग यीस्टच्या एनर्जीवर त्याचा परिणाम कसा काय होतो?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की पोटॅशियम म्हणजे शेवटी मीठच, त्याने यीस्टच्या एनर्जीत काय फरक पडणार. बीएस्सीच्या प्रोजेक्ट व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला हेच ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

रत्नागिरीत शिकत होतो तेव्हा. बेकरीतून यीस्ट आणलं, डिस्टिल्ड वॉटरने धुतलं आणि माशांच्या टाकीचा पंप लावून रात्रभर उपाशी ठेवलं, मार्चचा दमट उकाडा, त्यात लाईट गेली की पंप बंद, म्हणून मी रूमवर न जाता लॅबच्या व्हरांड्यातच आडवा झालो. सकाळी ग्लुकोज घातल्यावर पीएच हळूहळू उतरायला लागला, म्हणजे पाणी आम्लधर्मी व्हायला लागलं, मग थोडं पोटॅशियम क्लोराईड टाकलं आणि तो भराभर घसरला. दुसऱ्या बीकरमध्ये तेवढंच सोडियम क्लोराईड, तिथे जवळजवळ काहीच नाही. परीक्षक साहेब म्हणाले, ऑस्मोटिक शॉक आहे, म्हणजे बाहेर क्षार वाढल्याने पेशीतलं पाणी ओढलं जाऊन बसणारा धक्का. अहो, मग तो सोडियमनेही बसायला हवा ना! ते बीकर त्यांनी बघितलंच नाही, मार्क मात्र कापले.

डब्लिनच्या कॉनवे या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकातच दाखवलंय की साखर मिळालेलं यीस्ट पोटॅशियम आत घेतं आणि आम्ल बाहेर टाकतं. पेशीच्या आवरणातला पीएमए१ नावाचा प्रथिनाचा पंप एटीपी, म्हणजे पेशीची साठवलेली एनर्जी, खर्चून प्रोटॉन (आम्लाचे कण) बाहेर फेकतो, त्यामुळे आतली बाजू निगेटिव्ह होत जाते आणि पंपाला पुढचा प्रोटॉन ढकलणं जड जातं. टीआरके१ या आवरणातल्या वाटेने पोटॅशियम आत आलं की तो ताण उतरतो, पंप जोरात चालतो, एटीपीचा एडीपी (त्याचं खर्च झालेलं रूप) होतो, आणि एडीपी वाढला की ग्लायकोलिसिस (साखर तोडण्याची प्रक्रिया), श्वसन दोन्ही वेग घेतात. शिवाय ग्लायकोलिसिसच्या शेवटच्या पायरीवरच्या पायरुवेट कायनेज या एन्झाइमला पोटॅशियम लागतंच, स्नायूंतल्या एन्झाइमवर हे बॉयर वगैरेंनी १९४२ मध्ये दाखवलं, यीस्टचंही तसंच.

हां, एक राहिलं. हा फरक उपाशी, धुतलेल्या यीस्टमध्येच ठळक दिसतो. नेहमीच्या पोषक द्रावणात वाढलेल्या पेशींत पोटॅशियम आधीच भरपूर असतं, पावाच्या पिठात वरून टाकून काही होणार नाही, आणि फार ओतलंत तर ऑस्मोटिक त्रास खरंच होतो.

प्रयोग करणार असाल तर सोडियमचं बीकर लावाच, आणि व्हायव्हात दोन्ही रेषा एकाच ग्राफवर काढून तोच कागद सगळ्यात आधी परीक्षकांसमोर ठेवा.