अठराव्या वाढदिवसाआधीचे आठ महिने

ताई, पाच वर्षं तुमच्याकडे फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी व्यवस्थेतून सांभाळायला दिलेला, राहिलेला मुलगा आठ महिन्यांनी अठराचा होतोय आणि आता 'मला कुणाची गरज नाही' म्हणून दार लावून घेतो, हे वाचून नवल वाटलं नाही. माझ्याकडे राहिलेल्या तिघांपैकी दोघांनी शेवटच्या वर्षात अशीच भांडणं उकरून काढली. ज्याला लहानपणीच एका घरातून उचलून दुसरीकडे ठेवलंय, त्याला निरोपाची चाहूल फार आधी लागते. कुणी सोडण्याआधी आपणच निघालेलं बरं, असं त्याला वाटतं. त्याला उद्धटपणा समजू नका.

अठराव्या वाढदिवसाची तारीख सरकारी कागदांसाठी आहे. तुमच्या घरात त्या दिवशी काय बदलणार आणि काय नाही, हे त्याला नीट सांगा. 'कधीही ये' हे फार मोघम होतं. किल्ली त्याच्याकडे राहील का, नोकरी सुटली तर किती दिवस येऊन राहता येईल, सणाला त्याला धरायचं का, असं बोला. मात्र निभेल तेवढंच बोला. मी एकाला भरमसाट शब्द दिला आणि घरात आजारपण निघाल्यावर तो पाळता आला नाही. ते अजून सलतं.

हक्काची मदत प्रत्येक देशात वेगळी असते. भारतात बाल न्याय कायदा, 2015 आणि त्याखालच्या नियमांत, बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी अठरानंतरच्या मदतीची, म्हणजे अनुरक्षणाची, तरतूद आहे; ती 21 वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं मिळू शकते. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्यापासून मुलाची आणि सांभाळणाऱ्यांची इच्छा असेल तर 21 पर्यंत त्याच कुटुंबात राहता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे घर सोडण्याची तयारी मूल बाहेर पडण्याच्या बरीच आधी सुरू व्हायला हवी, आणि ती आखताना त्याचा सहभाग हवा. तेव्हा त्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांना आजच लेखी विचारा, त्याच्या पुढची योजना कुठे आहे? आणि त्याला वगळून बैठक होऊ देऊ नका.

जन्मदाखला, ओळखपत्र, शाळेचे दाखले तुम्ही जमवालच. त्याच्या स्वतःच्या फाइलकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्याला घराबाहेर का ठेवलं, भावंडं कुठे आहेत, घरात कुणाला कोणता आजार होता, यातलं जेवढं मिळेल तेवढं आता मागून घ्या. पुढे डॉक्टर 'घरात कुणाला मधुमेह?' असं सहज विचारतात आणि ही मुलं गप्प बसतात.

पैशांचं म्हणाल तर महिन्याचे सगळे एकदम त्याच्या हातात द्या. वीस तारखेलाच संपू देत. हे तुमच्याकडे असतानाच घडलेलं बरं, निदान जेवण तरी चुकणार नाही.

माझ्याकडची मोठी मुलगी घर सोडून तीन वर्षं झाली होती. नोकरीचा फॉर्म भरताना 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं' या रकान्यापाशी ती अडली. तिने मला फोन करून विचारलं, "तुमचं नाव लिहिलं तर चालेल का?" तिला ते विचारावं लागलं, याचंच मला रडू आलं. त्यानंतरच्या दोघांना मी निघायच्या आधीच माझं नाव, नंबर आणि पत्ता कागदावर लिहून दिला आणि सांगितलं, असा रकाना आला की हेच लिहायचं.