दिल्ली ते टोकियो: अंतर एकच असताना परतीला जास्त वेळ का लागतो?

दिल्ली ते टोकियो हवाई अंतर किती आहे, थेट विमानाला किती वेळ लागतो आणि परतीचा प्रवास लांबतो तो का, असे आपण विचारले आहे. पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर सुमारे 5,860 किलोमीटर आहे. जाताना साधारण साडेसात तास लागतात, तर येताना नऊ, आणि हिवाळ्यात कधी साडेनऊ. टोकियोच्या दोन विमानतळांपैकी हनेदा की नारिता यामुळे हवेतल्या वेळेत फारसा फरक पडत नाही, मात्र नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे 60 किलोमीटर दूर आहे, हे तिकीट काढताना ध्यानात ठेवावे.

या अंतराला विमानाच्या ताशी 900 किलोमीटर वेगाने भागले, तर उत्तर साडेसहा तासांचे येते. पण त्या सर्वांत जवळच्या रेषेवर तिबेटचे पठार आडवे येते आणि प्रवासी विमाने शक्यतो त्यावरून जात नाहीत. केबिनमधील हवेचा दाब अचानक गेला, तर विमान तातडीने सुमारे 10,000 फुटांवर, म्हणजे जवळपास 3,000 मीटरवर उतरवावे लागते, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुधा पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. आणि तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच सुमारे 4,500 मीटर आहे. म्हणून विमान हिमालयाच्या दक्षिणेकडून पूर्वेला सरकते आणि मग चीनवरून जपानकडे वळते. या वळशाचे किलोमीटर आणि धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याची मिनिटे मिळून तिकिटावरचा वेळ तयार होतो.

परतीच्या जादा वेळेचे कारण वारा आहे, आणि मला या प्रवासातला सर्वांत विलक्षण भाग हाच वाटतो. विमाने जेवढ्या उंचीवरून उडतात, तेवढ्या उंचीवर या अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वायुप्रवाह असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर तो जगातल्या सर्वांत जोरदार प्रवाहांपैकी एक असतो आणि त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून 1920च्या दशकात हे वारे मोजले आणि जगाने वाचावे म्हणून 1926 मध्ये आपला अहवाल एस्परांतो या आंतरराष्ट्रीय वापरासाठी घडवलेल्या भाषेत प्रसिद्ध केला, पण त्या काळी त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

हिशेबासाठी मार्ग 6,200 किलोमीटरचा आणि वारा सरासरी ताशी 100 किलोमीटरचा धरू. जाताना जमिनीच्या तुलनेत वेग 1,000 होतो आणि सहा तास बारा मिनिटे लागतात. येताना तो 800 वर येतो आणि पावणेआठ तास लागतात. जानेवारीत परतताना मी समोरच्या पडद्यावर हा वेग बराच वेळ 700च्या आसपास रेंगाळलेला पाहिला आहे.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात आणि जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा वर्षभर साडेतीन तास पुढे असते. त्यामुळे दिल्लीहून रात्री आठला निघालेले विमान सकाळी सातला पोहोचते आणि प्रवास अकरा तासांचा भासतो; उलट टोकियोहून सकाळी अकराला निघून नऊ तास उडल्यावर दिल्लीत दुपारचे साडेचारच वाजलेले असतात. दिल्लीहून पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर हिवाळ्यात मध्ये किमान चार तास ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण समोरचा वारा नेहमीपेक्षा जोरात असला की वेळापत्रकातला राखीव वेळही अपुरा पडतो.