घड्याळ म्हणतं, तुम्ही उतरलात!

प्रश्न : मी ४१ वर्षांची, साताऱ्यात राहते. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात सराव चालू आहे. जानेवारीत घड्याळ माझा व्हीओटू मॅक्स ४६ दाखवायचं, मे महिन्यात ४१ वर आलंय. सराव तर वाढलाय. मग हे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, घड्याळाला तुम्ही मे महिन्यात घाटात नेलंत, ते आणखी काय दाखवणार? व्हीओटू मॅक्स म्हणजे जीव तोडून पळताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा. लॅबमध्ये तोंडाला मास्क लावून, पार दमेपर्यंत ट्रेडमिलवर पळवून तो ऑक्सिजन मोजतात. घड्याळ ऑक्सिजन मोजतच नाही. तुमचा वेग आणि त्या वेगाला पडणारे हृदयाचे ठोके, एवढ्यावर त्याचा अंदाज. उन्हाळ्यात अंग गार ठेवायला कातडीकडे जास्त रक्त जातं, घामाने पाणी कमी होतं, त्यामुळे तोच वेग ठेवायला ठोके वाढतात. घड्याळ समजतं, बाईंचा दम कमी झाला. काही घड्याळं ऊन आणि चढ हिशेबात धरतात, पण तोही अंदाजच.

आता सेटिंग उघडा. कमाल ठोके १७९ दिसतात का? म्हणजे २२० वजा वय. हे सूत्र सरासरीचं; एकेकाचे खरे ठोके त्याहून दहा-बारा इकडेतिकडे सहज असतात. समजा तुमचे खरे कमाल ठोके १९० आहेत. १६० ठोक्यांवर पळताना तुम्ही ८४ टक्क्यांवर असता आणि घड्याळ ८९ धरतं. आकडा तिथेच पडला. चढावर जीव तोडून पळताना छातीला बांधायच्या, ठोके मोजणाऱ्या पट्ट्यावर दिसलेला सर्वांत मोठा आकडा तिथे भरा.

पट्टाच का? मनगटावरचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची हालचाल बघतो आणि हात हलला की फसतो. आमच्या गटातला एक गडी गप्पा मारत रमतगमत पळतो, घड्याळ १७२ सांगतं. त्याची पावलं मोजली, तर मिनिटाला तेवढीच! पट्टा थेट हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. फक्त आतले दोन काळे पॅड पाण्याने ओले करून बांधा. कोरडे असले की पहिली दहा मिनिटं तोही वेड्यासारखं काहीही दाखवतो.

पडताळा हवाच असेल तर १९६८ साली डॉ. केनेथ कूपर यांनी मांडलेली चाचणी करा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १२ मिनिटं जमेल तितकं पळायचं. झालेल्या मीटरमधून ५०५ वजा करून ४५ ने भागायचं. २४०० मीटर झाले तर साधारण ४२. हाही अंदाजच, पण यात ठोक्यांची भानगड नाही. दीड-दोन महिन्यांनी त्याच ट्रॅकवर, पहाटे त्याच वेळी पुन्हा करा.

घाटासाठी मात्र वही ठेवा : पायथ्यापासून यवतेश्वरच्या मंदिरापर्यंत, ठोके १५५ च्या वर जाऊ न देता किती वेळ लागला. पाऊस सुरू झाला की ती वेळ आपोआप थोडी सुधारेल, तेव्हा जूनची तुलना मेशी नको, जुलैशी करा. लॅबच्या चाचणीवर पैसे घालवायची तुम्हाला गरज नाही. तेवढ्या पैशांत एक बरा पट्टा येतो.