ठेव कुठे ठेवावी, कर्ज कुठून घ्यावे? वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच पेच वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे : मोठी राष्ट्रीयीकृत बँक, गावातली सहकारी बँक, की पतसंस्था? ठेव आणि कर्ज यांची उत्तरे वेगळी असतात. म्हणून प्रत्येक पत्राला स्वतंत्र उत्तर दिले आहे.

मी रेल्वेतून निवृत्त झालो. हाती २२ लाख रुपये आले. बँक पावणेसात टक्के व्याज देते, घराजवळची अर्बन साडेदहा. अध्यक्ष माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. सगळी रक्कम तिथे ठेवू का?
— निवृत्त कर्मचारी, भुसावळ

सगळी रक्कम तर नकोच. वर्षाला ८२,५०० रुपये जास्त मिळतील हे खरे, पण ते कशाच्या बदल्यात मिळतात ते आधी बघा.

पाटीवर 'अर्बन' शब्द आहे म्हणून ती बँक होत नाही. पूर्ण नाव वाचा. त्यात 'बँक' हा शब्द नसेल आणि 'को-ऑप. क्रेडिट सोसायटी', 'नागरी पतसंस्था' किंवा 'मल्टिस्टेट' असे लिहिलेले असेल, तर ती पतसंस्था आहे. तिथल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे, म्हणजे डीआयसीजीसीचे संरक्षण नाही आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. राज्यातल्या पतसंस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. मल्टिस्टेट २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली येते, तिचा निबंधक दिल्लीत बसतो. पासबुकावर आयएफएससी क्रमांक छापलेला असेल तर तो कोणत्या बँकेचा आहे हे विचारा. पतसंस्थेचे खाते ज्या बँकेत असते, तिचाच तो असतो.

आता साडेदहाचे गणित. ठेवीला साडेदहा द्यायचे तर संस्थेला कर्ज चौदा-पंधरा टक्क्यांनी द्यावे लागते. बँकेत दहा-अकराने कर्ज मिळत असताना चौदाने कोण घेईल? बहुतेक वेळा ज्याला बँकेने नाही म्हटले तोच. आपल्याकडे कापसाचा भाव पडला किंवा प्लॉटचे व्यवहार थंडावले की अशा कर्जांची वसुली एकदम थांबते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ठेवीदारांनाही पैशांची गरज असते. संस्था बुडायला प्रत्येक वेळी चोरीच व्हावी लागते असे नाही. जळगावला मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेचे प्रकरण २०१५ मध्ये संचालकांच्या अटकेपर्यंत गेले, पुढे संस्था अवसायनात निघाली. खान्देशातल्या किती घरांत तिच्या पावत्या अजून जपून ठेवल्या आहेत हे तुम्हाला सांगायला नको. त्यातल्या अनेकांनी ओळखीवरच पैसे ठेवले होते.

तुमच्या रकमेची विभागणी आम्ही अशी करू. १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ही योजना पोस्टात आणि मोठ्या बँकांतही मिळते, मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षे. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. ८.२ टक्के धरला तर तिमाहीला ३०,७५० रुपये हातात येतात, आणि खाते उघडताना मिळालेला दर पाचही वर्षे कायम राहतो. वय ५५ ते ६० च्या दरम्यान असेल तर निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडावे लागते, ही मुदत हुकवू नका. ५ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, पण एकाच पावतीत नको, एकेक लाखाच्या पाच पावत्या करा. दवाखान्याचा खर्च आला तर एकच पावती मोडावी लागते. उरलेले २ लाख ओळखीचा मान म्हणून पतसंस्थेत ठेवायचेच असतील तर ठेवा, पण वर्षापेक्षा जास्त मुदतीने नको. ते बुडाले तरी घर चालेल, इतकीच ती रक्कम असावी.

आमच्या गावात जुनी नागरी सहकारी बँक आहे, वडिलांपासूनचे खाते आहे. माझे ९ लाख आणि पत्नीचे ६ लाख तिथे आहेत. काढून घ्यावेत का?
— किराणा व्यापारी, चोपडा

काढण्याआधी मांडणी बदला. नागरी सहकारी बँक ही परवानाधारक बँक असते आणि तिला ठेव विमा लागू असतो. जळगाव जनता किंवा जळगाव पीपल्ससारख्या नागरी बँका असोत, जळगाव जिल्हा बँक असो की धुळे व नंदुरबार जिल्हा बँक, विम्याच्या बाबतीत त्यांची आणि स्टेट बँकेची मर्यादा एकच आहे : एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ती १ लाख होती.

इथे लोक तीन ठिकाणी फसतात. पहिली गोष्ट, ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आले. साडेसात टक्के तिमाही चक्रवाढीने ५ लाखांचे वर्षात ५,३८,५६८ होतात, वरचे ३८ हजार उघडे पडतात. तीन वर्षांची पावती करायची तर त्याच दराने ४ लाखांपासून सुरू करा, मुदतीअखेर ती जेमतेम ५ लाखांच्या आत राहते. दुसरी, चोपडा शाखेत पाच आणि जळगाव शाखेत पाच असे चालत नाही, सगळ्या शाखा मिळून हिशेब होतो. तिसरी, त्याच बँकेचे कर्ज तुमच्या डोक्यावर असेल तर ते आधी वळते होऊ शकते.

तुमचे ९ लाख एकट्याच्या नावावर असतील तर ४ लाख उघडे आहेत, पत्नीचे १ लाख उघडे आहेत. पण संयुक्त खाते वेगळे धरले जाते, आणि नावांचा क्रम उलटा केला तर तेही वेगळे. म्हणजे तुमचे, पत्नीचे, 'तुम्ही व पत्नी' आणि 'पत्नी व तुम्ही' अशा चार नावांत मिळून एकाच बँकेत २० लाखांपर्यंत संरक्षण मिळते. १५ लाखांसाठी बँक बदलायची गरजही नाही. मात्र चालू पावती मोडून हे करू नका, मुदत संपेल तशी एकेक पावती नव्या नावांनी करा. नाहीतर दंड आणि कमी व्याज असे दोन्हीकडून नुकसान.

विमा म्हणजे लगेच रोकड नव्हे. रिझर्व्ह बँकेने सर्वसमावेशक निर्बंध घातले की पैसे काढण्यावर मर्यादा येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची असते. त्यातले पहिले ४५ दिवस ठेवीदारांची यादी तयार करण्यात जातात. त्यासाठी तुम्हाला संमतीपत्र भरून दुसऱ्या बँकेतला खाते क्रमांक द्यावा लागतो. ते तीन महिने दुकान कशावर चालवायचे? म्हणून व्यापाऱ्याने सगळे व्यवहार एकाच सहकारी बँकेत ठेवू नयेत, चालू खाते एका मोठ्या बँकेतही असू द्यावे.

बँकेची तब्येत कशी पाहायची? वार्षिक अहवाल मागा, सभासदाला तो मिळतोच. त्यातला अध्यक्षांचा फोटो आणि मनोगत सोडून ताळेबंदाच्या मागची पाने उघडा. भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल, १२ टक्क्यांच्या वर आहे का ते बघा. निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा करून उरलेली थकीत कर्जे, ३ टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहा. ६ च्या वर गेला तर रिझर्व्ह बँकही बँकेला सुधारणेच्या चौकटीत आणू शकते, मग तुम्ही का थांबावे? थकीत व्याजाची तरतूद एकदम फुगली असेल तर जुनी कर्जे कुजत आहेत असे समजा. आणि नफा शेअरच्या लाभांशात वाटून टाकून राखीव निधी तसाच राहत असेल, तर ते आम्हाला सर्वांत खटकते. एका वर्षाचा आकडा सजवता येतो, म्हणून सलग तीन अहवाल शेजारी ठेवून वाचा.

कापूस आणि केळी मिळून सहा एकर. पीककर्ज गावच्या विका (विविध कार्यकारी) सोसायटीतून घ्यावे की राष्ट्रीयीकृत बँकेतून? मित्र म्हणतो, सोसायटीत राजकारण असते.
— शेतकरी, शहादा तालुका

व्याजात फरक नाही, आणि लोकांना नेमके हेच माहीत नसते. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला मूळ दर ७ टक्के. मुदतीत फेडले तर केंद्राची ३ टक्के सवलत आणि उरलेली राज्याकडून, मुख्यतः डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून, म्हणजे शेतकऱ्याला शून्य टक्के. दोन्हीकडे हेच. काही बँका व्याज आधी भरून घेतात आणि परतावा नंतर खात्यात येतो, एवढे विचारून ठेवा.

सोसायटीची जमेची बाजू म्हणजे सचिव गावातच भेटतो आणि क.म. पत्रकात, म्हणजे सभासदांच्या कमाल कर्जमर्यादेच्या यादीत, नाव असले की दरवर्षी नव्याने फाईल करावी लागत नाही. उणी बाजू अशी की कर्जातून शेअर्सची रक्कम कापली जाते, आणि जिल्हा बँकेकडे पैशांची टंचाई असली किंवा सोसायटीची थकबाकी वाढली, तर नियमित फेडणाऱ्यालाही नवे कर्ज उशिरा मिळते. इथेच 'नवं-जुनं' अंगावर येते : मार्चमध्ये हातउसने आणून जुने फेडले, नवे मात्र जूनपर्यंत आले नाही, तर शून्य टक्क्यांचे कर्ज सावकाराच्या दराने पडते. गेल्या वर्षी तुमच्या सोसायटीत भरणा केल्यानंतर किती दिवसांत नवे कर्ज मिळाले, हे दोन-तीन सभासदांना विचारा. पंधरा दिवसांच्या आत मिळत असेल तर सोसायटी सोडू नका.

केळीला एकरी कर्ज कापसापेक्षा बरेच जास्त बसते. गरज मोठी असेल आणि ठिबकसाठी मध्यम मुदतीचे कर्जही लागणार असेल, तर राष्ट्रीयीकृत बँकेत दोन्ही एकाच ठिकाणी होते. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, शाखेत कोणी मागितलेच तर हा नियम दाखवा. दोन्हीकडे एकाच गट नंबरच्या जमिनीवर मात्र कर्ज उचलू नका. सातबाऱ्यावरचा बोजा दुसऱ्या बँकेला दिसतोच, आणि थकबाकी नसल्याचा दाखला अडकला की दोन्ही फाईली थांबतात.

आणखी एक. नवे खाते उघडताना आधार जोडणीच्या अर्जावर सही करण्याआधी वाचा. थेट अनुदान एका वेळी एकाच खात्यात जाते, ज्या खात्याला शेवटी आधार जोडले त्यात. 'पीएम किसानचे पैसे आले नाहीत' म्हणून तहसीलला खेटे घालणाऱ्या अनेकांचे पैसे दुसऱ्याच बँकेतल्या विसरलेल्या खात्यात पडून असतात.

घर बांधायला सोने तारण ठेवायचे आहे. पतसंस्था तोळ्यामागे बँकेपेक्षा जास्त रक्कम देते. घ्यावी का?
— गृहिणी, अमळनेर

तोळ्यामागची रक्कम नका बघू, दागिना परत कसा मिळणार ते बघा. बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये जे नियम दिले, ते १ एप्रिल २०२६ पासून बंधनकारक आहेत. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, ५ लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के. कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत सोने परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. पतसंस्थेला यातले काहीच लागू नाही.

वर्षाअखेरीस एकदम फेडायचे कर्ज असेल तर ८५ टक्क्यांत व्याजही धरले जाते. एक लाखाच्या सोन्यावर १० टक्के व्याजाने हातात सुमारे ७७ हजार येतील, ८५ नव्हेत. लाख, खडे आणि मणी वगळून निव्वळ वजन पावतीवर लिहून घ्या आणि दागिन्यांचा फोटो काढून ठेवा. पतसंस्थेत जायचेच झाले तर सोने त्यांच्याच तिजोरीत राहते की दुसऱ्या बँकेत फेरतारण ठेवले जाते, हे लेखी विचारा. उत्तर टाळले तर दागिने घेऊन परत या.

पगारदारांच्या पतपेढीत ठेव ठेवणे कसे?
— प्राथमिक शिक्षक, धुळे

सरकारी नोकरांच्या ग. स. सोसायटीसारख्या पतपेढ्यांत कर्जाचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, त्यामुळे थकबाकी कमी राहते आणि इतर पतसंस्थांपेक्षा पाया भक्कम असतो. विमा मात्र इथेही नाही. ठेवीपेक्षा कर्जासाठी ती जास्त उपयोगी.

पतसंस्थेत ३ लाखांची ठेव अडकली आहे. मुदत संपून आठ महिने झाले, 'पुढच्या महिन्यात या' म्हणतात. एक जण निम्म्या किमतीत पावती विकत घ्यायला तयार आहे.
— पारोळा

पावती विकू नका, आणि मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका. 'नूतनीकरण करू' म्हणून मागितली तरी नाही. रक्कम परत मागणारा अर्ज द्या, त्यावर संस्थेचा शिक्का आणि तारखेची पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. पंधरा दिवसांनी त्याची प्रत जोडून तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे आणि जळगावच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार द्या, आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशीची मागणी स्पष्ट शब्दांत लिहा. नुसते 'न्याय द्यावा' लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. संस्था मल्टिस्टेट असेल तर ठेवीची तक्रार केंद्राने नेमलेल्या सहकार लोकपालांकडे जाते.

त्याच वेळी जिल्हा ग्राहक आयोगात दावा करा. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची असते, आठ महिने गेले आहेत, म्हणून फार वाट पाहू नका. तुमच्यासारखे आणखी ठेवीदार असतील तर एकत्र जाऊन पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत ठेवीदार हितसंरक्षण कायदा, १९९९ खाली तक्रार द्या. त्यात संचालकांची मालमत्ता जप्त करता येते.

एवढे मात्र तपासा की तुमच्या नावावर त्या संस्थेत एखादे जुने कर्ज किंवा कोणाची जामीनकी नाही ना. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि तुमची ठेव त्यात वळती करून घेतल्याचे पत्र ते ऐनवेळी पुढे करतात. आजच खाते उतारा मागून घ्या.