हुबेहूब, तंतोतंत की बरहुकूम?

नाशिकच्या पंचवटीत डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावण्याचे, वर्ग घेणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे: "मुलांसाठी मराठीत टिपणे तयार करते आहे. संगणकाच्या पडद्यावर पान जसे लावलेले दिसते तसेच ते छापून येते, या सोयीला इंग्रजीत 'विझीविग' म्हणतात. मी 'हुबेहूब छपाई' असे लिहिले. टिपणे तपासणाऱ्या काकांनी ते खोडून 'तंतोतंत' केले, कारण हुबेहूब म्हणे यावनी. दुसऱ्या एका जाणकारांनी 'यथादर्शन मुद्रण' सुचवले. यांतले बरोबर काय? आणि हुबेहूबमधला दुसरा हु ऱ्हस्व की दीर्घ?"

ताई, 'यथादर्शन' सोडून द्या. दर्शन काळारामाचे घेतात, पानाचे नाही. इंग्रजी शब्दसुद्धा कुणा पंडिताने घडवलेला नाही. 'व्हॉट यू सी इज व्हॉट यू गेट' हे १९७०च्या सुमारास अमेरिकन टीव्हीवर फ्लिप विल्सन हा नट जेराल्डीन या पात्राच्या तोंडी घालत असे. लोकांच्या जिभेवर बसलेले वाक्य संगणकवाल्यांनी उचलले आणि त्याची आद्याक्षरे घेतली. आपणही जिभेवरचाच शब्द घ्यायला हवा.

पण जिभेवरचा म्हणजे सापडेल तो नव्हे, आणि माझी तक्रार इथेच आहे. रविवार कारंजापासून शालिमारपर्यंत कुठल्याही छपाईच्या दुकानात उभे राहा, हुबेहूब, तंतोतंत आणि बरहुकूम हे तीन शब्द एकाच डब्यातले असल्यासारखे वापरलेले ऐकू येतील. 'मजकूर हुबेहूब घ्या.' मजकूर हुबेहूब कसा असेल? मजकूर जसाच्या तसा असतो. 'रंग बरहुकूम आलाय.' कोणाच्या हुकमाबर? 'मुलगी तंतोतंत आईवर गेलीये.' अहो, तिथे हुबेहूब हवे! या तीन शब्दांची कामे वेगवेगळी आहेत आणि ती ज्याच्या त्याच्या पोटातच लिहिलेली आहेत.

तंतोतंतमध्ये तंतू उघड दिसतो, त्यावर फार वेळ घालवत नाही. येवल्याला पैठणीच्या मागावर नवा ताणा चढवताना कधी बसला असाल तर शब्द डोळ्यांनी दिसतो. जुन्या ताण्याच्या उरलेल्या एकेका टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा चिमटीत पिळून जोडतात. एक धागा चुकला की पुढचे सगळे सरकतात. तंतोतंत म्हणजे असे: मोजून, एकास एक, मध्ये काही न गाळता. हिशेब तंतोतंत जुळतो, साक्ष तंतोतंत जुळते. तंतोतंतला 'जुळणे' हेच क्रियापद का आवडते, ते यावरून कळावे.

आता हुबेहूब. मूळ फारसी रचना हू-ब-हू. त्यातला 'हू' अरबी, अर्थ 'तो'. मधला 'ब' फारसी, दोन सारखे शब्द समोरासमोर बसवणारा. रूबरू म्हणजे तोंडाशी तोंड, तसे हूबहू म्हणजे तोच तो. हिंदीने हूबहू आहे तसे ठेवले. मराठीने मात्र शेवटी एक 'ब' जास्तीचा लावला. हा ब कुठून आला?

एका व्याख्यानात मी ऐकले की हा अरबी 'हुब्ब', म्हणजे प्रेम, आणि हुबेहूब म्हणजे 'प्रेमाने प्रेम'. हे मला अजिबात मान्य नाही. हिंदी-उर्दूतला हूबहू समोर उभा असताना प्रेम शोधत अरबस्तानात जायची गरज काय? माझे मत असे. मराठी कानाला जोडशब्द दोन्हीकडे सारखा लागतो: घरोघर, दारोदार, हातोहात, काठोकाठ, तंतोतंत. डावीकडे जे, तेच उजवीकडे, मध्ये एक स्वर. या कानावर हू-ब-हू पडले तेव्हा त्याने मधला ब डाव्या हूला चिकटवून 'हूब' ऐकले, आणि उजवीकडे नुसता हू लंगडा वाटला म्हणून त्यालाही एक ब दिला. हुब-ए-हूब. सारखेपणा सांगणारा शब्द आधी स्वतः दोन्ही अंगांनी सारखा करून घेतला, मगच वापरायला काढला. परका शब्द घेताना मराठीने केलेले इतके नेमके काम मला दुसरे आठवत नाही. हिंदीने शब्द घेतला, मराठीने तो समजून घेतला.

म्हणून काकांच्या खोडण्यावर माझा आक्षेप आहे. भाषाशुद्धीचे दोन मोठे पुरस्कर्ते मला ठाऊक आहेत. सावरकर आपल्याच जिल्ह्यातले, भगूरचे. त्यांचे दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द मी रोज वापरतो, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. दुसरे माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव ज्यूलियन. फारसी कोळून प्यायलेला हा कवी, १९२५ साली फार्शी-मराठी कोश त्यानेच दिला आणि पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने तोच उभा राहिला. पण या मंडळींची मूळ चूक अशी, की त्यांनी शब्दाचे गाव पाहिले, त्याचे इथले आयुष्य पाहिले नाही. शेवटचा ब मराठीने लावला आहे. तो ब लावलेला शब्द इराणात सापडणार नाही. मग तो परका कसा?

तर, हुबेहूब म्हणजे दिसायला तोच. दोन वेगळ्या वस्तू, एक पाहून दुसरीचा भास. नक्कल हुबेहूब, तसबीर हुबेहूब. नाशिककरांना दाखला घरचाच देतो. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ची, करन्सी नोट प्रेस १९२८ची. तिथून निघालेल्या नोटेला 'हुबेहूब नोट' कोणी म्हणत नाही. हुबेहूब म्हणतात ती बनावट नोटेला. खरी नोट हुबेहूब नसते, बरहुकूम असते.

या बरहुकूमपाशी यायची मला घाई झाली होती.

हुकूम अरबी, तो सर्वांना माहीत आहे. गंमत 'बर'मध्ये आहे. फारसीत बर म्हणजे वर. बरखास्त म्हणजे वर उठलेला, अर्थात सभा उठली. बरतर्फ म्हणजे तर्फेवर, बाजूवर, अर्थात नोकरीतून बाजूला काढलेला. बरकरार म्हणजे करारावर, ठरल्या जागेवर कायम. तसे बर-हुकूम म्हणजे हुकमावर. आता हा 'बर' आला कुठून? जुन्या इराणी भाषेतल्या 'उपरिय्'पासून. आणि आपला 'वर'? संस्कृत 'उपरि', त्याचे प्राकृतात उवरि, त्याचे मराठीत वर. एकाच शब्दाची ही दोन लेकरे. दोघांनी पहिला उ टाकला. मधल्या प चा एकाकडे ब झाला, दुसरीकडे व. हजारो वर्षे हे दोघे वेगळ्या मुलखांत राहिले आणि दख्खनच्या दफ्तरांत पुन्हा भेटले. बरहुकूमचा शब्दशः मराठी अर्थ काय? 'हुकमावरून.' आजही आपण 'सांगण्यावरून', 'आज्ञेवरून' म्हणतो ना, तेच ते 'वर'. ज्यांना बरहुकूम यावनी म्हणून खोडायचा असेल त्यांनी आधी 'वर' खोडावा.

आणि छपाईच्या कामात नेमका हाच अर्थ लागतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भद्रकालीतल्या एका छापखान्यात मी एका दिवाळी अंकाची मुद्रिते तपासत होतो. ऑपरेटर आधी खिळे जुळवणारा जुळारी, वयाच्या पन्नाशीत माउस शिकलेला. कवितेच्या गद्य प्रस्तावनेच्या पानाचा बटर, म्हणजे अर्धपारदर्शक कागदावरची छापील प्रत, आतल्या खोलीतल्या लेसर प्रिंटरवर काढलेला होता. दुरुस्तीसाठी फाइल उघडली होती बाहेरच्या संगणकावर, ज्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला. त्याने तो बटर मॉनिटरच्या फुगीर काचेवर धरला, पान लहानमोठे करत पहिली ओळ पहिल्या ओळीवर आणली आणि अंगठ्याने कडा दाबून धरल्या. कागदातून मागचा उजेड येत होता, काळ्या अक्षरांखाली करडी अक्षरे. चार ओळी ठीक. पाचव्या ओळीत पडद्यावर 'आणि' ओळीच्या शेवटी होते, बटरवर ते सहाव्या ओळीच्या आरंभी. तिथून खाली सगळे सरकलेले, आणि कवितेच्या प्रस्तावनेची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी. "साहेब, दोघं दोन मालकांचं ऐकतायत," तो म्हणाला.

मला अजूनही याहून चांगले स्पष्टीकरण कोणी दिलेले नाही. पाने लावायच्या पेजमेकर या प्रणालीत कागदाचे माप ठरवायच्या चौकटीतच 'कंपोज टू प्रिंटर' असा एक रकाना असे. तिथे जो प्रिंटर निवडाल त्याच्या मापाने ओळी तुटत. बाहेरच्या संगणकावर डॉट मॅट्रिक्सचा हुकूम चालू होता, आतल्यावर लेसरचा. रकान्यात लेसरचे नाव निवडल्यावर 'आणि' आपल्या जागी गेले.

असे का होते तेही सांगतो, मुलांना टिपणांत उपयोगी पडेल. ॲपलच्या सुरुवातीच्या मॅकिन्टॉश संगणकाच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके. १९८५ साली आलेल्या ॲपलच्याच लेसररायटर या प्रिंटरच्या कागदावर इंचाला ३००. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणून बारा पॉइंटचे अक्षर पडद्याला १२ ठिपक्यांच्या उंचीत बसवायचे, प्रिंटरला त्यासाठी ५० मिळतात. बारा ठिपक्यांत शिरोरेषा, काना, वर रफार आणि खाली उकार मावायचे कसे? म्हणून पडद्यावरचे अक्षर कागदावरच्या अक्षरासारखे हुबेहूब असणे तेव्हा शक्यच नव्हते. रुंदीचा घोळ आणखी मोठा. अक्षराची रुंदी साडेसहा ठिपके भरली तर पडद्याला ती सात करावी लागे, अर्धा ठिपका लावता येत नसे. ओळीत अशी चाळीस अक्षरे असली की ओळीअखेर वीस ठिपक्यांचा फरक, म्हणजे तीन अक्षरांची जागा. 'आणि' खाली गेले ते अशाच फरकाने. यावर उपाय एकच होता: ओळ कुठे तोडायची ते छपाईच्या मापाने ठरवायचे आणि पडद्यावरच्या अक्षरांनी त्यात दाटीवाटीने का होईना बसायचे.

म्हणजे हुकूम कोणाचा, ते पाहा. आपण समजतो की पडदा मूळ आणि कागद त्याची नक्कल. खरे उलटे आहे. पानाचा एक हुकूम असतो: कागद इतका, समास इतका, ओळ इथे तुटेल. तो हुकूम कागदही पाळतो, पडदाही पाळतो. अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट, जिच्यावर तो लेसररायटर चालायचा, ती तर आज्ञांचीच भाषा: इथे जा, ही रेघ ओढ, हे अक्षर एवढे कर, पान बाहेर दे. प्रिंटर आपल्या ३०० ठिपक्यांत त्या आज्ञा पाळतो, प्लेटसाठी फिल्म काढणारे यंत्र आपल्या दोन-अडीच हजार ठिपक्यांत. दोन्हींची अक्षरे भिंगाखाली वेगळी दिसतात, पण ओळ त्याच शब्दावर तुटते. याला हुबेहूब म्हणता येत नाही. तंतोतंतही म्हणता येत नाही, कारण ठिपक्याला ठिपका जुळतच नाही. बरहुकूम म्हणावेच लागते.

पडद्यावर कागद पाहण्याची ही सोय झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधनकेंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी १९७४च्या सुमारास 'ब्राव्हो' नावाच्या प्रणालीत आणली. ज्या यंत्रावर ती चालायची त्या आल्टोचा पडदा आडवा नव्हता, कागदासारखा उभा होता: ६०६ ठिपके रुंद, ८०८ उंच. पडद्यालाच कागदाबरहुकूम उभा केला होता. नंतर पडदे टीव्हीसारखे आडवे झाले आणि 'पडद्यावरचे कागदावर' असे उलटे बोलायची सवय आपल्याला लागली.

रंगांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मुले विचारतील. पडदा उजेड फेकतो, शाई उजेड गिळते. पडद्यावरचा झळझळीत निळा चार शाईंत उतरत नाही. तिथे गिऱ्हाइकाला हुबेहूबचे वचन देऊच नका. प्रूफ काढून सही घ्या.

तेव्हा ताई, 'पडद्याबरहुकूम छपाई' असे लिहू नका, 'छपाईबरहुकूम पडदा' असेही ओढाताण करून लिहू नका. 'छपाईबरहुकूम मांडणी' लिहा. मेन्यूत 'प्रिंट लेआउट' दिसते तिथे नुसते 'छपाईबरहुकूम' पुरेल. विझीविग हा शब्द एकदा सांगून ठेवा, मुलांना मुलाखतीत लागेल.

आणि ऱ्हस्व-दीर्घाचे राहिलेच. पहिला हु ऱ्हस्व, दुसरा दीर्घ: हुबेहूब. मूल, चूल, हुकूम यांच्यासारखाच नियम, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले तर अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ. बरहुकूममध्येही कू दीर्घ. तुमच्या टिपणांच्या पहिल्या पानावर 'बरहुकुम' असे पडले असेल तर प्लेट काढण्याआधी बदलून घ्या.