फिलाडेल्फिया : किल्ल्याशी नव्हे, पेठेशी तुलना करावी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि येत्या सप्टेंबरात मी व यजमान प्रथमच त्याच्याकडे जात आहोत. साताऱ्यातील एका शाळेत मी सव्वीस वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे मॉल आणि धबधबे यांपेक्षा जुन्या वास्तूंची ओढ अधिक आहे. मात्र अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जन्म गेलेल्या माणसाला तिथे ‘जुने’ म्हणावे असे काही सापडेल का? यजमानांना गुडघेदुखी आहे, हे लक्षात घेऊन तीन दिवसांत काय पाहावे, तेही सांगावे.
— एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, सातारा

उत्तर : बाई, तुमची शंका रास्त आहे, पण तुलना किल्ल्याशी न करता तुमच्या पेठेशी करा, म्हणजे ती बरीचशी दूर होईल. या शहराचे संस्थापक विल्यम पेन यांना या मुलखाची सनद १६८१ मध्ये मिळाली आणि शहराची आखणी १६८२ मध्ये सुरू झाली, तेव्हा रायगडावर संभाजी महाराजांचे राज्य होते. तेथील एल्फ्रेथ्स ॲली ही गल्ली १७०२ च्या सुमारास पडली. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, १७०८ मध्ये, साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढे शाहूनगर वसले. म्हणजे ती गल्ली आणि तुमची पेठ साधारण एका वयाच्या आहेत. शिवाय दोन्ही गावांनी राजधानीचे दिवस पाहिले आणि ते जातानाही पाहिले : १७९० ते १८०० ही दहा वर्षे अमेरिकेचा कारभार फिलाडेल्फियातून चालत होता.

पहिला दिवस इंडिपेंडन्स हॉल आणि लिबर्टी बेल या दोनच ठिकाणांसाठी ठेवा. दोन्ही समोरासमोर आहेत आणि तो सगळा भाग सपाट असल्याने यजमानांना चढउतार करावी लागणार नाही.

घंटेपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. तुम्ही मेणवलीच्या घाटावरची घंटा नक्कीच पाहिली असेल. चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर, १७३९ मध्ये, मराठ्यांच्या हाती आलेली ती पोर्तुगीज घंटा मेरीच्या आकृतीसह कृष्णाकाठी नांदते आहे. लिबर्टी बेलची गोष्टही अशीच, घडवणाऱ्यांच्या मनात नव्हती अशा वाटेने गेलेली आहे. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने ती १७५१ मध्ये लंडनहून मागवली आणि १७५२ मध्ये, म्हणजे शाहू महाराजांच्या निधनानंतर तीन वर्षांच्या आत, ती बंदरात उतरली. चाचणीसाठी टोला दिला आणि ती पहिल्याच टोल्याला तडकली. मग जॉन पास आणि जॉन स्टो या तिथल्याच दोन कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली, आवाज पसंत पडला नाही म्हणून आणखी एकदा ओतली, आणि आज दिसते ती त्यांच्या हातची आहे. वजन २०८० पौंड, म्हणजे सुमारे ९४३ किलो.

तिच्यासमोर उभे राहाल तेव्हा एक गोष्ट जवळून पाहा. बोटभर रुंदीची जी फट सगळ्या चित्रांत दिसते, ती मूळची चीर नव्हे. चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडू नये, म्हणून कारागिरांनी ती मुद्दाम कोरून रुंद केलेली आहे. कोरल्याच्या खुणा कडेला स्पष्ट दिसतात. १८४६ मध्ये वॉशिंग्टन यांच्या जयंतीला घंटा वाजवली आणि या रुंद फटीच्या वरून केसासारखी दुसरी चीर निघाली. तिनेच घंटा कायमची मुकी केली, आणि ती चीर नेमकी ‘लिबर्टी’ या कोरलेल्या शब्दातून गेली आहे. बहुतेक लोक फटीपुढे छायाचित्र काढून निघून जातात आणि ही बारीक रेघ पाहायची राहते.

‘साऱ्या देशात, सर्व रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करा’ अशा अर्थाचे बायबलमधील वचन घंटेवर आहे. ४ जुलै १७७६ रोजी ही घंटा वाजली, ही कथा एकोणिसाव्या शतकात एका कथालेखकाने रचलेली आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे पहिले जाहीर वाचनच मुळी ८ जुलैला झाले. ‘लिबर्टी बेल’ हे नाव तिला १८३० नंतरच्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी दिले, कारण ‘सर्व रहिवाशांना’ या शब्दांचा खरा अर्थ त्यांना मागायचा होता. घंटेच्या दालनाला लागूनच राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाची जागा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन तिथे १७९० ते १७९७ या काळात राहिले आणि त्या घरात त्यांनी नऊ गुलाम माणसे ठेवली होती. त्यांपैकी ओना जज ही तरुणी १७९६ मध्ये तिथून निसटली आणि पुन्हा कधीही त्यांच्या हाती लागली नाही. घंटा पाहून झाल्यावर या जागेवर थोडा वेळ थांबावे, असे मला मनापासून वाटते. एकाशिवाय दुसरे पाहणे अपुरे राहते.

इंडिपेंडन्स हॉलचे बांधकाम १७३२ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये आणि राज्यघटना १७८७ मध्ये, दोन्ही याच इमारतीतील एकाच सभागृहात संमत झाली, आणि १९७९ पासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सभागृह तळमजल्यावरच आहे. ते अपेक्षेपेक्षा लहान वाटेल : हिरवे कापड अंथरलेली टेबले, साध्या लाकडी खुर्च्या. यांतील बरेचसे सामान त्या काळचे असले तरी त्याच दालनातले नाही; अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची मात्र अस्सल आहे, तिच्यावरच घटनासमितीच्या काळात वॉशिंग्टन बसत. तिच्या माथ्यावर अर्धा सोनेरी सूर्य कोरलेला आहे. तो उगवता की मावळता, हा विचार बेंजामिन फ्रँकलिन यांच्या मनात चर्चा चालू असताना वारंवार येई, आणि घटनेवर सह्या होत असताना त्यांनी तो उगवताच असल्याचे बोलून दाखवले. प्रवेशासाठी वर्षातील बराच काळ ठरावीक वेळेचे तिकीट लागते, तेव्हा मुलाला ते आधीच काढून ठेवायला सांगा. घंटेसाठी तिकीट नाही, पण सुरक्षा तपासणीची रांग असते, म्हणून सकाळी लवकर जावे.

दुसऱ्या दिवशी एल्फ्रेथ्स ॲली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून एकोणिसाव्याच्या पूर्वार्धापर्यंत बांधलेली विटांची ३२ घरे तिथे आहेत. लोहार, जहाजबांधणीचे सुतार, कपडे शिवणाऱ्या बाया अशा हातावर पोट असलेल्यांची ही वस्ती, आणि आजही तिथे कुटुंबे राहतात. दोन घरांत छोटे संग्रहालय आहे. काही घरांच्या वरच्या खिडकीबाहेर तीन आरशांचा एक जोड बसवलेला दिसेल. माडीवर बसल्या बसल्या दाराशी कोण आले आहे, ते त्यात पाहता येते. रस्ता गोट्यांचा आहे, त्यामुळे यजमानांनी काठी आणि जाड तळाचे बूट घ्यावेत. सातारकर मनुष्य या गल्लीत उभा राहिला की त्याला आपले पाडलेले वाडे आठवतात. मला तरी आठवले. तेथून जवळच क्राइस्ट चर्चची दफनभूमी आहे. तिथे फ्रँकलिन यांच्या थडग्यावर लोक एक सेंटची नाणी टाकतात.

सिटी हॉल (१८७१ ते १९०१) बाहेरून पाहिला तरी चालेल. मनोऱ्यावर पेन यांचा ३७ फुटी पुतळा आहे. ईस्टर्न स्टेट हा १८२९ मधील जुना तुरुंग इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, पण तिथे पुष्कळ चालावे लागते, म्हणून तुमच्या यादीतून मी तो वगळतो. जेवणासाठी १८९३ पासूनच्या रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये जावे. शाकाहारी माणसाचीही तिथे सोय होते.

तिसरा दिवस फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टला द्यावा. मदुराईच्या मदनगोपालस्वामी मंदिराच्या आवारातील, सुमारे १५६० मधील दगडी मंडप तिथे खांबांसह उभा केलेला आहे. त्याचे सुटे झालेले दगड ॲडेलिन पेपर गिब्सन या बाईंनी १९१२ मध्ये मदुराईत विकत घेतले आणि १९१९ मध्ये ते संग्रहालयाला मिळाले. भारतीय शिल्पाच्या थोर अभ्यासक स्टेला क्रॅमरिश यांनी पुढे येथील भारतीय दालन सांभाळले. मंडप पाहून अभिमान वाटतो आणि हे दगड इतक्या दूर यावेत याची हळहळही वाटते. दोन्ही भावना खऱ्या आहेत.

प्रश्न : डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात शिकल्या. त्यांच्या काही खुणा आज पाहता येतात का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वाई

उत्तर : आनंदीबाई १८८३ मध्ये तेथील विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. ते कॉलेज पुढे इतर संस्थांत विलीन झाले, पण त्याची कागदपत्रे ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत. आधी ईमेलने वेळ ठरवून गेल्यास ती पाहता येतात. १८८५ मधील ते प्रसिद्ध छायाचित्र याच संग्रहातले : साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात.

परक्या मुलखातील थंडी आणि कष्ट यांनी आनंदीबाईंची प्रकृती ढासळली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्या पुण्यात निधन पावल्या. त्यांना लेकीसारखे सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे त्यांच्या अस्थी पाठवण्यात आल्या. त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत, आणि तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे. फिलाडेल्फियाहून मोटारीने तीन तासांच्या आसपास लागतात. वरील प्रश्नातील बाईंनीही मुलाला एखादा रविवार यासाठी मोकळा ठेवायला सांगावे, आणि जाताना फुले सोबत न्यावीत.